पाचवीच्या आधी एक थेंब

(अंबाजोगाई येथे आशा स्वयंसेविका, परिचारिका आणि पालक यांच्यासमोर एका बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. उपजत चयापचय-विकार, त्यांची नवजात अवस्थेतील तपासणी आणि त्यापुढची आयुष्यभराची निगा हा भाषणाचा विषय होता.)



अंबाजोगाईत बोलायला उभे राहताना मनावर थोडे दडपण येते. हे आद्यकवी मुकुंदराजांचे गाव, दासोपंतांचे गाव. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो याचे विवेचन, म्हणजे पंचीकरण, दासोपंतांनी लांबलचक कापडावर लिहून काढले. ती पासोडी या गावाचे भूषण आहे. मी आज ज्याविषयी बोलणार आहे, तेही देहाच्या घडणीचेच शास्त्र आहे. ते टीपकागदाच्या एका लहानशा पट्टीवर मावते. त्या पट्टीवर नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे चार-पाच ठिपके वाळवलेले असतात. ते ज्याला वाचता येतात, त्याला बाळावर येऊ घातलेले संकट ते येण्यापूर्वीच कळू शकते.

काकवीचा वास

प्रथम एका घराची हकिगत सांगतो. ती एकाच घराची नाही. अनेक वर्षांत पाहिलेल्या तीन-चार घरांची मिळून मी ती एक केली आहे. गावाचे नाव सांगणार नाही, माणसांची तर नाहीच.

नवरा-बायको दोघेही ऊसतोडीला जाणारे. लग्न नात्यातले, मुलगी सख्ख्या मामाची. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. बाळ पूर्ण दिवसांचे, अंगाने चांगले, जन्मतःच रडले. तीन दिवस सारे सुरळीत होते. चौथ्या दिवशी बाळ अंगावर नीट पिईना. पाचव्या दिवशी घरात पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, सटवाईने लेकराच्या कपाळी चांगले लिहावे म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवली. त्याच रात्री बाळ ताठ होऊ लागले, धनुष्यासारखे मागे वाकू लागले, किंचाळल्यासारखे रडू लागले. रुग्णालयात नेले. जंतुसंसर्ग असावा म्हणून औषधे सुरू झाली. नवव्या दिवशी बाळ गेले.

दोन वर्षांनी दुसरे बाळ झाले. तोच चौथा दिवस, तीच पाचवी, तसेच ताठ होणे. तेही गेले. मग घरात कुजबुज सुरू झाली. सुनेची कूसच वाईट, तिच्या पायगुणाने घर बसले, मुलाचे दुसरे लग्न करावे, असे बोलले जाऊ लागले. नवस झाले, अंगारे झाले. तिसऱ्या खेपेला बाळाला चौथ्याच दिवशी रुग्णालयात आणले. सोबत बाळाची आजी होती. तिचे तरुणपण गुऱ्हाळावर गेलेले. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, लेकराच्या लंगोटाला काकवीवानी वास येतोय बघा."

त्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलली. बाळाचे रक्त टीपकागदावर घेऊन शहरातील प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल येईपर्यंत बाळ गेले होते. पण अहवाल आला आणि दोन लेकरांच्या मृत्यूचे न उलगडलेले कोडेही त्याने उलगडले. या विकाराचे वर्णन १९५४ मध्ये अमेरिकेत जॉन मेंकेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. तेथील मेपल झाडाच्या गोड पाकासारखा वास लघवीला येतो म्हणून त्याला त्या पाकाचे नाव पडले. आपल्याकडे मेपल कोणी पाहिलेला नाही. काकवीचा वास मात्र बीड जिल्ह्यात कोणाला शिकवावा लागत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देतो. बाळंतिणीला आपण मेथीचे लाडू देतो. मेथीत जे सुगंधी द्रव्य असते, तेच या विकारातील वासामागे असते. म्हणून मेथी खाणाऱ्या मातेच्या निरोगी बाळालाही कधी कधी तसा वास येतो. तेव्हा वासावरून घरच्या घरी निदान करू नका, घाबरूनही जाऊ नका. पण वास आला तर डॉक्टरांना अवश्य सांगा. निदान रक्तच करील.

तुंबलेली चारी

चयापचय म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावणे सर्वांत सोपे. पाटाचे पाणी चारीतून वाफ्यात आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाते. प्रत्येक ठिकाणी दारे धरावे लागते. एक दारे उघडलेच नाही तर दोन गोष्टी घडतात. अलीकडच्या वाफ्यात पाणी तुंबून पीक सडते आणि पलीकडचा वाफा कोरडा पडून करपतो. आपण खाल्लेल्या अन्नाचे शरीरात असेच टप्प्याटप्प्याने रूपांतर होते. प्रत्येक टप्प्यावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, दारे धरून बसलेले असते. एखादे विकर जन्मतःच सदोष असेल तर अलीकडचे द्रव्य साचून विषासारखे होते आणि पलीकडचे आवश्यक द्रव्य तयार होत नाही.

काकवीच्या वासाच्या विकारात प्रथिनांतील ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले साचतात. फेनिलकीटोन्युरिया नावाच्या विकारात फेनिलॲलॅनिन साचते आणि मूल हळूहळू मतिमंद होत जाते. गॅलॅक्टोसेमियात दुधातल्या साखरेचाच निचरा होत नाही. तेथे आईचे दूधही बाळाला बाधते; कावीळ होते, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, आणि दूध तातडीने बंद करणे हाच उपचार ठरतो.

गर्भात असेपर्यंत बाळ सुरक्षित असते, कारण आईचे शरीर त्याचा निचरा करीत असते. नाळ कापली आणि दूध सुरू झाले की साठा वाढू लागतो. म्हणूनच ही बाळे जन्मतः गुटगुटीत असतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ढासळतात. आपल्या पूर्वजांनी पाचवीची रात्र जागवण्याची रूढी पाडली. नवजात मुलासाठी ते दिवस धोक्याचे असतात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यामागे असावा, असे मला वाटते. कारण त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला आज कारण ठाऊक आहे, म्हणून आपली जबाबदारी त्यांच्यापेक्षा मोठी आहे.

दोन माता आणि एक पिता

या शास्त्राचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९०२ मध्ये लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी लघवी काळी पडणाऱ्या एका विकाराचा अभ्यास मांडला. अशा रुग्णांचे आईवडील पुष्कळदा सख्खी चुलत, मामे किंवा मावस भावंडे असतात, हे त्यांनी नोंदवले. १९०८ मधील व्याख्यानांत त्यांनी अशा विकारांना चयापचयातील उपजत दोष असे नाव दिले.

पुढे नॉर्वेतील बोर्ग्नी एगेलँड ही माता आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन दारोदार वैद्यांकडे फिरत होती. मुलांच्या अंगाला चमत्कारिक वास का येतो, हा तिचा प्रश्न कोणी मनावर घेईना. १९३४ मध्ये आस्ब्यर्न फ्यॉलिंग यांनी तो मनावर घेतला. लघवीत फेरिक क्लोराइड घालताच ती हिरवी झाली आणि त्या धाग्यावरून फेनिलकीटोन्युरिया उलगडला. तिच्या मुलांना त्याचा लाभ झाला नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे दुसऱ्या एका मातेने, निदान झाले तर आता उपचारही शोधा, असा डॉक्टरांकडे धोशा लावला. त्यातून १९५३ मध्ये होर्स्ट बिकेल यांनी फेनिलॲलॅनिन कमी असलेला आहार तयार केला आणि विकार काबूत ठेवता येतो हे जगाला दाखवले.

पण आहार लवकर सुरू झाला तरच मेंदू वाचतो. मग लवकर ओळखायचे कसे? उत्तर दिले रॉबर्ट गथ्री यांनी. त्यांचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला हाच विकार होता. तिचे निदान झाले तेव्हा ती सव्वा वर्षाची होती. उशीर झाला होता. १९६० च्या सुमारास त्यांनी टीपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून विकार ओळखणारी अत्यंत स्वस्त चाचणी शोधली. १९६३ पासून अमेरिकेतील एकामागून एक राज्याने तिचा कायदा केला. नव्वदच्या दशकात टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्री हे तंत्र आले आणि त्याच ठिपक्यातून कित्येक विकार एकदम ओळखता येऊ लागले.

बंधूंनो, यातील मर्म पाहा. आईचे म्हणणे कोणीतरी ऐकले, तेथून हे शास्त्र सुरू झाले. गुऱ्हाळावरची आमची आजी त्याच परंपरेतील आहे.

आपण कोठे आहोत?

भारतात हा विचार नवा नाही. कर्नाटकात १९८० च्या दशकातच एक लाखाहून अधिक नवजात बालकांची अमिनो आम्लांच्या विकारांसाठी तपासणी झाली होती. २००८ मध्ये गोव्याने राज्यपातळीवर अशी तपासणी सुरू केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांत एक लाखाहून अधिक बाळे तपासली. त्यात जन्मजात थायरॉईड-न्यूनतेचे प्रमाण सुमारे ११३० बाळांमागे एक असे आढळले. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. त्या कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात थायरॉईड-न्यूनता आहे. तथापि देशातील प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेचा थेंब तपासला जाईल, अशी सार्वत्रिक व्यवस्था अद्याप उभी राहिलेली नाही.

याचा बीडपुरता हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती. हजारी पंधरा जन्म धरले तरी वर्षाला अडतीस हजारांवर बाळे जन्माला येतात. ११३० मागे एक हे प्रमाण लावले तर दरवर्षी तीस-पस्तीस बाळे केवळ थायरॉईडच्या न्यूनतेची असणार. हा माझा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण या बाळांना लागते काय? दिवसाला एक गोळी, तीही काही रुपयांची. पहिल्या दोन आठवड्यांत ती सुरू झाली तर बहुतेक मुले इतरांसारखी शिकतात, खेळतात, संसार करतात. काही महिने उशीर झाला तर बुद्धीची झालेली हानी कोणत्याही गोळीने भरून येत नाही. ही बाळे सुरुवातीला शांत असतात, फारसे रडत नाहीत, खूप झोपतात. आपण कौतुकाने म्हणतो, लेकरू किती गुणाचे आहे! तो गुण नव्हे, तो आजार असू शकतो. या विकाराची सर्वच कारणे आनुवंशिक नसतात. परंतु तपासणी एकाच थेंबाची आहे, म्हणून दोन्ही विषय मी एकत्र मांडतो.

मामाची मुलगी

आता थोडे नाजूक विषयाकडे वळतो. कोणाच्या रूढीची अवहेलना करण्याचा माझा हेतू नाही.

१९५३ मध्ये इरावतीबाई कर्वे यांनी हिंदुस्थानातील नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात दाखवले की उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंमधला उंबरठा. येथे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला जातो. महाभारतात अर्जुनाने सुभद्रा वरली, ती मामाचीच मुलगी. बौधायन धर्मसूत्रातही हा दाक्षिणात्यांचा आचार म्हणून उल्लेखिला आहे. दुसरीकडे सगोत्र आणि सपिंड विवाह टाळण्याची शिकवणही आपल्याच परंपरेतील आहे. चरकसंहितेतील शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायाचे नावच अतुल्यगोत्रीय असे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंड विवाह निषिद्ध ठरवले, मात्र रूढी असेल तेथे मुभा ठेवली. म्हणजे आपल्याकडे दोन्ही प्रवाह आहेत. त्यांतून विवेकाने निवड करण्याचे काम आपले आहे.

शास्त्र काय सांगते? प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आपण सारेच काही सदोष प्रती बाळगून असतो. दुसरी प्रत चांगली असल्याने त्यांचा पत्ता लागत नाही. आईवडील दोघांकडेही नेमकी तीच सदोष प्रत असेल आणि दोन्ही सदोष प्रती बाळाकडे आल्या, तरच विकार होतो. सख्ख्या मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा म्हणजे जनुकांचा सुमारे एक अष्टमांश वाटा सामाईक; मामा-भाची म्हणजे एक चतुर्थांश. आजोबांकडची एकच सदोष प्रत दोन वाटांनी फिरून बाळात पुन्हा एकत्र येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. नात्यात लग्न झालेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी असतात, हे खरे. नात्याबाहेर लग्न करणाऱ्यांनाही हे विकार होतात, हेही खरे. परंतु धोका वाढतो, यात शंका नाही. घरात अशी मुले दगावल्याचा इतिहास असेल, तर त्याच घराण्यात पुन्हा सोयरीक करण्यापूर्वी दहादा विचार करा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. या हिशेबात दोष आईचा आणि वडिलांचा अगदी समसमान असतो. आईची कूस वाईट नसते, पायगुण वाईट नसतो. दोघांनीही अजाणता एकेक प्रत दिलेली असते. मुलाचे दुसरे लग्न लावून देणाऱ्या घराने हे ध्यानात घ्यावे की ती सदोष प्रत मुलाकडे राहणारच आहे. हाकलली जाते ती केवळ एक निरपराध बाई. त्या आजीच्या घरी मी हे सांगितले तेव्हा सून इतकेच म्हणाली, "एवढं सात वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." तिच्या या शब्दांमुळे मी आज येथे उभा आहे.

अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात एक चतुर्थांश धोका असतो. एक बाळ आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगी, असा हिशेब करू नका. प्रत्येक वेळी दान नव्याने पडते. जनुकातील नेमका दोष सापडला असेल तर गर्भावस्थेत निदान शक्य असते. आपला गर्भलिंगनिदान-विरोधी कायदा १९९४ चा. त्याने चयापचयाच्या आनुवंशिक विकारांसाठी, नोंदणीकृत केंद्रात आणि नियमांच्या चौकटीत, अशा तपासणीला परवानगी दिलेली आहे. पण बीडमध्ये हे सांगताना आवाज खाली येतो. २०११ मध्ये या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली उरल्या होत्या. जे तंत्र विकार ओळखण्यासाठी आले, त्याचा येथे लेकी खुडण्यासाठी दुरुपयोग झाला. म्हणून ही तपासणी विकारापुरतीच, हे डॉक्टरांनी आणि कुटुंबांनी दोघांनीही पाळले पाहिजे.

निदानानंतरची वाट

त्या घरात चौथे बाळ झाले, मुलगी. जन्माच्या पहिल्याच दिवसापासून सर्व तयारी होती. रक्ताचा ठिपका तातडीने गेला, विकार असल्याचे कळले, विशेष दूध आणवून ठेवले होते ते सुरू झाले. ती पाचवी या घरात प्रथमच निर्धास्त झाली. आज ती दुसरीत आहे. मधल्या काळात दोनदा अत्यवस्थ होऊन दाखल झाली होती. तिचा विकार बरा झालेला नाही, तो बरा होणारा नाही. तो सांभाळायचा असतो. कन्या घरी आणून लढाई संपत नाही. तेथून ती रोजची होते.

सांभाळायचे म्हणजे काय, ते नीट ऐका. या मुलांना नेहमीचे प्रथिन मोजूनमापून द्यावे लागते. आईचे दूध सहसा पूर्ण बंद करत नाहीत. ते ठरल्या प्रमाणात देतात आणि उरलेली गरज त्या विकारासाठी बनवलेल्या विशेष दुधाने भागवतात. मोठे झाल्यावर भाकरी, डाळ, दूध, अंडी यांवर मर्यादा येते. साबुदाणा चालतो, पण खिचडीतला शेंगदाण्याचा कूट चालत नाही. पुरणपोळीतले पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ, म्हणून तेही नाही. गूळ, साखर, तूप, तेल चालते. ज्या लेकराच्या लंगोटाला काकवीचा वास यायचा, त्याला काकवी बाधत नाही, डाळ बाधते, हे घरच्यांना पटवण्यात माझे कितीतरी दिवस गेले. शाळेतील पोषण आहाराच्या ताई, मुख्याध्यापक, शेजारी, लग्नघरातले वाढपी, या सर्वांना हे ठाऊक हवे. प्रेमाने भरवलेली वाटीभर उसळही या मुलाला दवाखान्यात पोहोचवू शकते.

दुसरी गोष्ट आजारपणाची. ताप, जुलाब, उलट्या झाल्या आणि मूल उपाशी राहिले की शरीर स्वतःचेच प्रथिन जाळू लागते आणि विष पुन्हा साचते. म्हणून उपास बिलकूल नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे नेहमीचे प्रथिन थांबवून साखरेचे किंवा ग्लुकोजचे पाणी थोडे थोडे देत राहायचे आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे. सकाळपर्यंत बघू, हे वाक्य या घरात वर्ज्य.

आता आपल्या जिल्ह्याची खरी अडचण. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. चार-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत काढून पट्टा पडल्यावर माणसे परततात. या काळात थायरॉईडच्या बाळाची गोळी संपते, विशेष दुधाचा डबा संपतो, जवळचा डॉक्टर या आजाराचे नाव ऐकलेला नसतो. मी पालकांना तीन गोष्टी करायला सांगतो. निघण्यापूर्वी संपूर्ण हंगामाच्या औषधांची तजवीज करा. विकाराचे नाव, आणीबाणीत काय करावे आणि काय करू नये, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी, असे एक पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सतत सोबत ठेवा. आणि मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की रात्री-अपरात्री गाडी लागेल. काही घरांनी याहून मोठा निर्णय घेतला. एकाने मागे राहायचे ठरवले, एका कोयत्याची उचल सोडली. त्याची किंमत काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा घरांना गावाने, समाजाने, साखर कारखान्यांनी आधार देणे हा उपकार नव्हे, ते कर्तव्य आहे.

खर्चाचे काय, हा प्रश्न साहजिक आहे. विशेष दूध महाग असते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. विशेष आहाराने सांभाळता येणाऱ्या अशा विकारांचा त्यात समावेश आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत प्रत्येक रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र आहे. मात्र ही मर्यादा एकूण उपचारासाठी आहे आणि आजार आयुष्यभराचा आहे, हे विसरता येत नाही. शिवाय नांव नोंदवायला निदान व्हावे लागते आणि निदानाला तो थेंब लागतो.

मुली मोठ्या होतील, त्यांची लग्ने होतील. फेनिलकीटोन्युरियाच्या मुलीने लहानपणी सांभाळलेला आहार तरुणपणी सोडला आणि तशीच गरोदर राहिली, तर तिच्या निरोगी गर्भाच्या मेंदूलाही इजा होते. म्हणून आहार गर्भधारणेआधीपासून काटेकोर हवा. हे सासरी लपवायचे की सांगायचे? सांगायचे. लपवलेल्या आजाराला पथ्य पाळता येत नाही.

आपल्या हाती काय आहे?

आशाताईंनो, प्रसूतीनंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तुमची गृहभेट ठरलेली आहे. या दोन भेटी सोन्याच्या आहेत. बाळ पीत नाही, सुस्त आहे, विचित्र वास येतो, पूर्वीची भावंडे पहिल्या आठवड्यात गेली आहेत, आईवडील नात्यातले आहेत, यांतले एकही ऐकू आले तर केवळ जंतुसंसर्ग म्हणून समाधान मानू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घाला. आजारी नवजात बाळाला शासकीय रुग्णालयात मोफत उपचार आणि वाहन मिळण्याची तरतूद २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे, हे त्या घराला सांगा. आणखी एक. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. नमुना माहेरच्या पत्त्यावर जातो आणि अहवाल येईपर्यंत सून सासरी, कधी थेट फडावर पोहोचलेली असते. म्हणून दोन्ही गावांचे पत्ते आणि किमान दोन दूरध्वनी लिहून घ्या. तपासणी झाली आणि बाळ सापडले नाही, तर तपासणी न झाल्यासारखेच.

वैद्यकीय मित्रांना माझी एक विनंती आहे. बाळ घरी लवकर जाणार असेल तर थायरॉईडसाठी नाळेतील रक्तही तपासता येते. आणि न उलगडलेल्या आजाराने बाळ हातून निसटत असेल, तर जाण्यापूर्वी त्याच्या रक्ताचे दोन ठिपके टीपकागदावर घेऊन ठेवा. त्या बाळासाठी नाही. त्याच्या पाठच्या भावंडासाठी. पहिल्या दोन लेकरांच्या वेळी कोणी एवढे केले असते, तर तिसऱ्याचा जीव कदाचित वाचला असता.

आमच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे परिसरातील गोरगरीब डोळे लावून असतात. या जिल्ह्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचा ठिपका येथे घेतला जावा, तो वेळेत तपासला जावा आणि ज्याचा अहवाल सदोष येईल ते बाळ शोधून काढले जावे, ही मागणी आपण सर्वांनी मिळून लावून धरली पाहिजे. प्रारंभ केवळ थायरॉईडपासून केला तरी चालेल. वर्षाकाठी तीस मुले शाळेत जाणार की घराच्या कोपऱ्यात बसणार, याचा निर्णय त्या एका चाचणीत आहे.

सटवाईचे लिखाण टळत नाही, असे आपण म्हणतो. माझीही आई तसेच म्हणायची. परंतु पाचवीला आपण तिच्यापुढे कागद कोरा ठेवतो, याचा अर्थ काहीतरी चांगले लिहिले जावे ही आशा आपण सोडलेली नाही. माझे मागणे एवढेच, की तो कोरा कागद मांडण्याच्या दोन दिवस आधी दुसऱ्या एका कागदावर बाळाच्या रक्ताचा एक थेंब पडू द्या.